‘बाजूला व्हा!’

४ जानेवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. पुढेमागे चरित्रकाराच्या हाती लागली, तर तो त्याचा प्रश्न.

चॅनेलचं नाव ठरलं : ‘बाजूला व्हा!’ हे सरकारला उद्देशून. माझा विचार एका ओळीत मावतो. सरकारने माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, माणूस आपलं आपण बघून घेईल. पहिल्या भागात ही ओळ पन्नास मिनिटं चालली. व्ह्यूज : सहा.

संकल्प : रोज एक भाग. टीकेला शांतपणे उत्तर. पोट आत घेऊन बसणे.

५ जानेवारी
भाग नाही. घसा बसलाय.

११ जानेवारी
साडूचा फोन. म्हणाला, तुम्ही दिवसभर दुकानात ‘मंजूर’, ‘नामंजूर’, ‘पोच मिळाली’ असे रबरी शिक्के करता. सरकार बाजूला झालं तर ते घेणार कोण? साडूची झेप तेवढीच. उत्तर होतं माझ्याकडे, पण ते फोन ठेवल्यावर सुचणाऱ्यांपैकी होतं. अजून सुचायचंय.

१९ जानेवारी
जागेचा घोळ. घरात उजेड फक्त बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. तिथे बायकोचं टेबल. ती गल्लीतल्या लोकांचे मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करते. तासभर आत बस म्हटलं. म्हणाली, आत स्क्रू दिसत नाहीत, तुम्हीच पुढे खुर्ची टाका. मोठ्या मनाने मान्य केलं. मी पुढे, ती मागे. ठोकाठोकी नको एवढं बजावलं.

२ फेब्रुवारी, दुपारी १
व्ह्यूज : चारशे बारा!!
कमेंट बघाव्यात. “काका, बाजूला व्हा.” “बाजूला व्हा ना!” “अहो, प्लीज बाजूला व्हा.” सदतीस जणांनी घोषणा उचलून धरली! ‘प्लीज’वाला विशेष सुसंस्कृत. सरकारशीसुद्धा अदबीने बोलतो.

बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पुन्हा इस्त्रीची वायर सोलायला घेतली. घरच्यांना मोठेपण उशिराच कळतं.

९ फेब्रुवारी
कट! “काका, थोडं डावीकडे सरका.” एक नाही, अकरा जण. डाव्यांची फौज घुसली. शिवाय एकाने लिहिलंय, “डावीकडे जमत नसेल तर उजवीकडे सरका, पण सरका.” म्हणजे दोन्ही बाजूंना मी हवाय!

ताबडतोब उत्तराचा भाग केला : ‘मी तसूभरही सरकणार नाही’. सव्वा तास. ठामपणा दिसावा म्हणून खुर्ची बरोबर मधोमध ओढून घेतली.

१० फेब्रुवारी
प्रतिक्रिया तिखट. “याला म्हणतात आडमुठेपणा.” “नेमकं आर्मेचर काढताना काकांचं डोकं मध्ये.” आर्मेचर म्हणजे काय ते शोधायला हवं. बहुधा एखादा नवा राजकीय सिद्धांत.

१६ फेब्रुवारी
दुकानाच्या मालकांना सांगून टाकलं : महिनाअखेर नोकरी सोडतोय, पूर्णवेळ विचारवंत होणार. त्यांनी विचारलं, घरी सांगितलंय का? म्हटलं, स्वतंत्र माणूस परवानगी मागत नाही. मालक म्हणाले, परवानगीचं नाही हो, कानावर तरी घाला.

संकल्प : आज बायकोच्या कानावर घालणे.

१७ फेब्रुवारी
घातलं नाही. ती पंख्यात गुंतली होती.

१८ फेब्रुवारी
पंखा अजून तिथेच.

२२ फेब्रुवारी, सकाळी ११
बायको दोन दिवस बहिणीकडे गेलीय. एकदाची मागची बाजू मोकळी! आतापर्यंतचा सर्वोत्तम भाग केला. एकदाही अडखळलो नाही.

दुपारी ४
व्ह्यूज : एकोणीस. “वहिनी कुठे?” “ताईंची तब्येत बरी आहे ना?” “त्या मिक्सरचं पुढे काय झालं?” शेवटची : “आज नुसतेच काका आहेत. बंद केलं.”

साडूचा फोन आला. म्हणाला, अहो, लोक मागचं काम बघायला येतात. तुमचं डोकं आड येतं म्हणून सरका म्हणतात. हसत नव्हता. हसला असता तर परवडलं असतं.

२४ फेब्रुवारी
सगळ्या कमेंट पहिल्यापासून पुन्हा वाचल्या. सदतीसच्या सदतीस मला उद्देशून. ‘प्लीज’वाल्यालाही माझ्याशीच अदबीने बोलायचं होतं.

बायको परतली. म्हटलं, उद्यापासून पुन्हा मागे बस, चॅनेलची गरज आहे. नाही म्हणाली. वर म्हणाली, कुणालाही त्याच्या मर्जीशिवाय कामाला जुंपता येत नाही, असं तुम्हीच तिसऱ्या भागात म्हणालात.
चकित झालो. विचारलं, तू ऐकतेस? म्हणाली, हात कामात असतात, कान थोडेच! परवाचा सोडला तर चौतीसच्या चौतीस भाग ऐकलेत. फोनवरचा हिशेब सांगतो, शेवटपर्यंत ऐकणारे शून्य टक्के. तिला धरलेलंच नाही त्यात.
न राहवून विचारलं, कसे वाटले? तिने बराच विचार केला. म्हणाली, तेरावा बरा होता.
तेराव्याला वीज गेली होती. चार मिनिटांत संपला.

मग नोकरीचं सांगितलं. मिक्सरचं कोरडं भांडं पुसत राहिली. शेवटी म्हणाली, “मी अडवलं असतं का? विचारायचं तरी.”
अकरा डाव्यांचं मिळून एवढं लागलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी
मालकांकडे गेलो. वाटेत ताठ मानेची तीन वाक्यं पाठ केली होती. दारात पोचेपर्यंत एकही उरलं नाही. माझ्या जागी नवा माणूस ठरलाय. सकाळचा अर्धा दिवस मात्र मला देतो म्हणाले. घेतला. घरी येऊन आधी बायकोला सांगितलं. “बरं,” म्हणाली. छान वाटलं.

५ मार्च
बायको स्वतःचं चॅनेल काढतेय. लोकांचा आग्रह. मला विचारलं, टॉर्च धराल का, मर्जी असेल तर. अट एकच : मध्ये बोलायचं नाही. मी म्हटलं, प्रस्तावनेची दोन वाक्यं तरी? तिने पक्कड खाली ठेवली. मी टॉर्च उचलला.

१२ मार्च, दुपारी ४
तिचा पहिला भाग. विषय : घरघर करणारा मिक्सर. व्ह्यूज चार हजार! कमेंट अडीचशेच्या वर. मी एकेक वाचली, ती चहा पीत ऐकत होती. ताईंचा हात किती स्थिर, ताई किती सोपं सांगतात, ताई पुढच्या वेळी इस्त्री घ्या.

माझ्याबद्दल एक निघाली. “टॉर्च धरलेले गृहस्थ कोण माहीत नाही, पण अक्षरही बोलत नाहीत. अतिशय समंजस वाटतात.”
नव्वद लाइक.
एक्क्याण्णवावा मी दिला.