तारेवरच्या ओल्या साड्या

॥ श्री ॥
लातूर, २० ऑक्टोबर १९९९

ती. गं. भा. सिंधुअक्कास,
अवधूतचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर आपण सगळे माहूरला देवीला जायचं ठरवलं आहे. तू निलंग्याहून आधी इकडे ये. मग नांदेडला विशाखाच्या माहेरी मुक्काम करून जीपने पुढे जाऊ.

एकच विनंती. लांबच्या माणसांशी बोलायचा तुझा तो हॅम रेडिओचा संच आणू नकोस. तू नाद लावलास, अपूर्वानं लायसन्सची परीक्षा दिली, मी काही बोललो नाही. पण आता पोरीचं बारावीचं वर्ष आहे. मागच्या आठवड्यात ती रेडिओची तार बांधायला पाण्याच्या टाकीवर चढली आणि खाली माझ्या क्लासची पोरं फिजिक्स सोडून वर बघत बसली. पालक मलाच विचारू लागले की सरांची मुलगी अशी, तर आमच्यांचं काय. म्हणून तिचा संच कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. माहूरलाही ती धर्मशाळेत बसून रोज एक पेपर सोडवणार आहे.

रागावलीस तरी येशील, हे ठाऊक आहे.

तुझा,
अवधूत


निलंगा, २५ ऑक्टोबर १९९९

चि. अवधूत यास अनेक आशीर्वाद.

येते. रेडिओही येतो. स्कूटरची बॅटरी पिशवीत आणि संच पुरणपोळ्यांच्या डब्यात. देवीला चालेल, तुला चालतं का ते तू बघ.

आणि पत्रावर गं. भा. लिहिणं आता पुरे कर. सरकारनं मला रेडिओवर बोलायचं नाव, कॉलसाइन, दिलं आहे, ते लिही. रेडिओवर पन्नाशीच्या बाईलाही यंग लेडी म्हणतात. शेजारची धुरपताबाई मात्र म्हणते की बाई, तुमचा रेडू गानं म्हनत न्हाई, निस्ता खोकायलाय.

भूकंपात घर पडलं, तुझे दाजी गेले. मी जिवंत आहे ही खबर तुला कशी मिळाली ते आठव. टेलिफोनचे खांब आडवे झाले होते. मैदानात तार टांगून बसलेल्या एका पोरानं ती त्याच्या संचावरून लातूरला पोचवली. त्याला बारावीला किती टक्के होते, हे तू तेव्हा विचारलं नाहीस.

पेपर सोडवू दे तिला, हुशार आहे. पण पोरीचा आवाज कुलपात ठेवू नकोस. बेसनाचे लाडू आणते.

माया आहे म्हणून भांडते.
सिंधुअक्का


निलंगा, १८ नोव्हेंबर १९९९

चि. सौ. विशाखा हीस अ. उ. आ.

तुझ्यावर चिडले आहे. जीपमध्ये अवधूत होता म्हणून गप्प बसले, आता लिहिते.

माहूरला शेवटच्या दिवशी पेपर संपवून अपूर्वा गुपचूप माझ्याबरोबर शिखरामागच्या माळावर आली होती. दोन पळसांना तार बांधली आणि आम्ही दगडाआड बसलो. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःच्या कॉलसाइनवर बोलत होती. घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या, तेव्हा कुठे बिदरच्या विरूपाक्ष नावाच्या गृहस्थांनी ओ दिली. तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तुझा आवाज कसा येतो ते सांगतो, असं ते म्हणाले, आणि आवाज बुडाला.

उठून बघते तर तारेवर तुझ्या दोन ओल्या साड्या. तार झुडपात टेकलेली. आवाज कसा येतो हे एकमेकांना सांगितल्याशिवाय रेडिओवाले ती भेट धरत नाहीत. पोरीनं तार सोडवून गुंडाळली.

दोरी दिसली की टाक साडी. अवधूतबरोबर राहून तुलाही टक्क्यांपलीकडचं दिसेनासं झालं का? उत्तर दे. नणंद आहे, रागावले तरी सुटका नाही.

सिंधुअक्का


लातूर, २६ नोव्हेंबर १९९९

ती. सिंधुअक्कांना,
विशाखाचा सा. न. वि. वि.

पाकिटावर तुमचं कॉलसाइन लिहिलं आहे. पोस्टमनला अर्थ तुम्हीच सांगा.

तुम्ही दगडाआड होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. पेपर जागेवर आणि मुलगी नाही, असं पाहून हे तिला शोधत वर निघाले होते. मी कुंडावर साड्या पिळत होते. ह्यांना चढताना पाहून आडवाटेनं पळत वर आले तर तुमची तांब्याची तार लांबूनच चकाकत होती. दुसरं काही सुचलं नाही, हातातल्या साड्याच तारेवर टाकल्या. साड्या दिसल्या तसे हे मान खाली घालून मागे वळले. बायकांच्या वाळत्या धुण्याकडे बघायचं नाही, ही तुमच्याच घरची शिस्त. त्यानं आवाज बुडेल, हे मला माहीत नव्हतं.

तुमचं पत्र वाचून रडले. माझ्या मुलीनं काय पाप केलं होतं म्हणून मी तिच्यावर ओलं धुणं टाकलं?

रविवारी ह्यांच्या जुडग्यातून किल्ली काढली आणि संच अपूर्वाच्या हातात दिला. क्लासच्या गच्चीवर दोघींनी तार बांधली. हे खूप बोलले. पालक काय म्हणतील, म्हणाले. मी सांगितलं की पेपर ती रोज सोडवते आणि संध्याकाळचा एक तास तिचा आहे. पालकांना सांगा, सरांची मुलगी बिदरला ऐकू येते. किल्ली परत मिळणार नाही, हेही सांगितलं. त्या रात्री हे जेवले नाहीत. मी जेवले.

काल विरूपाक्ष रेडिओवर पुन्हा भेटले. अपूर्वाचा आवाज खणखणीत येतो, असं त्यांनी सांगितलं. हे जिन्यात उभे होते. वर आले नाहीत, पण खालीही गेले नाहीत.

आज शेजारीण म्हणाली की एवढी लांब तार रिकामी आहे, साड्या टाका की. मी कठड्यावर वाळत घातल्या. तार रस्त्यावरून दिसते. दिसू दे.

रागवायचं राहिलं असेल तर रेडिओवर रागवा, पत्रात माया पाठवा.

तुमची,
विशाखा