बंद नेटचा स्क्रीनशॉट

आरोग्य उपकेंद्र, ता. एटापल्ली
९ नोव्हेंबर

आदरणीय आत्याबाई यांस,
साक्षीचा सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र पाहून घाबरू नका, मी धडधाकट आहे. इथलं नेट बंद केलं आहे. मोर्चा निघाला होता, त्याचा कोणीतरी खोटा व्हिडिओ फिरवला आणि वरून आदेश आला का तालुक्याचं नेट बंद. आमच्या गावचं टावर असं आहे का नेट गेलं की फोनवरचं बोलणंही जाते. कधी सुरू होईल ते कोणाले माहीत नाई. तहसीलात विचारलं तर म्हणे वेबसाइटवर पाहा!

नेट नाई म्हणून राशनच्या मशीनवर गावातल्या सुकरीबाईचा अंगठा लागून राह्यला नाई. तिले वाटते दोष अंगठ्याचाच आहे, म्हणून रोज दवाखान्यात येऊन साबणानं घासून जाते. लसीच्या नोंदी मी कागदावर करून राह्यली.

आता खरं काम. येत्या पौर्णिमेले साक्षगंध ठेवायचं काय, असं कुलदीपच्या आईनं ग्रुपवर विचारलं होतं. माझं उत्तर जायच्या आतच नेट गेलं. माझा होकार आहे, आत्या. तुम्ही जमवलेलं स्थळ म्हणून नाई, मले तो मनापासून आवडला म्हणून. रोज ड्यूटीवरून आल्यावर त्याच्याशी बोलायची सवय झाली होती, आता संध्याकाळ जाता जात नाई. त्याचं घर तुमच्या मागच्याच गल्लीत. सोबतचं बंद पाकीट त्याच्या हाती द्या, आणि उघडू नका! कंडक्टर सुनिलभाऊ हे चंद्रपूरले नेऊन गडचांदूरच्या गाडीत देतील. उत्तर तसंच उलट पाठवा.

तुमची माया नेटवर चालत नाई, ती चालूच राहू द्या.
आपली,
साक्षी

गडचांदूर
१५ नोव्हेंबर

चि. साक्षीस,
नीलाबाई आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पाकीट उघडलं नाई वो बाई. उजेडात धरून पाह्यलं तेवढं, काई दिसलं नाई.

इथी वेगळाच तमाशा होऊन बसला. तुह्या नावापुढं एकच टिक दिसते, म्हणून कुलदीपच्या मायनं पक्कं धरलं का पोरीनं ब्लॉक केलं, म्हणजे नकार झाला. मी सांगतलं का तिकडं नेट बंद आहे. तर म्हणते, बंद असतं तर मोबाईलवर बातमी आली असती. आता जिथलं नेट बंद तिथली बातमी मोबाईलवर येईल कुठून, हे त्या बाईले मी कसं समजवू? माह्यं डोकंच फिरलं.

पाकीट कुलदीपच्या हातात दिलं. वाचताना त्याचे कान लाल झाले, हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. पण माय समोर बसली होती. मंग म्हणते कसा, पत्र काय कोणीबी लिहू शकते, तिले म्हणा नेट बंद असल्याचा स्क्रीनशॉट पाठव. बाप्पा! मले हसू का रडू ते समजेना. पाठवाचा कशानं, कबुतरानं?

त्यायले वरोऱ्याच्या एका पोरीचा फोटो आला आहे. तू चंद्रपूरले ये, तिथून ग्रुपवर एक मेसेज टाक आणि मोकळी हो. लय ताणू नको.

जेवण वेळेवर कर, वाळली असशील. माह्या बोलण्याचा राग धरू नको.
तुही आत्या,
नीलाबाई

आरोग्य उपकेंद्र, ता. एटापल्ली
२० नोव्हेंबर

आदरणीय आत्याबाई यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी खूप हसली, मग जीव खाली-वर झाला. वरोऱ्याचं नाव वाचून झोप लागली नाई, खोटं काऊन सांगू.

मले चंद्रपूरले येता येत नाई. परवा गावातल्या दुर्गाच्या कळा सुरू झाल्या आणि बाळ आडवं. ॲम्बुलन्सले फोन लावावा तर फोन मेलेला. तिच्या शेजारचा पोचू नावाचा पोरगा गाडी काढून जंगलातल्या रस्त्यानं एटापल्लीले गेला आणि ॲम्बुलन्स घेऊनच आला. तो तिचा नातलग नाई, काई नाई. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण आणखी दोघींचे दिवस भरत आले आहेत. त्यायले टाकून मी मेसेज टाकाले कशी येऊ?

कुलदीपले सांगा का चंद्रपुराहून सुनिलभाऊची सरळ गाडी आहे. एक दिवस येऊन जावं, स्वतःच्या मोबाईलवर पाहावं आणि स्क्रीनशॉटही इथीच काढावा! सुकरीबाईनं त्याच्यासाठी कोंबडा धरून ठेवला आहे. मी वाट पाहून राह्यली.

हे सांगताना नेहमीसारखं भांडू नका, आत्या. गोडीनं सांगा.
आपली,
साक्षी

गडचांदूर
२५ नोव्हेंबर

चि. साक्षीस,
आत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

गोडीनंच सांगतलं, तुही शपथ. कोंबड्याचंबी सांगतलं. तो म्हणते, यायला काई नाई, पण आधी तिचा मेसेज तर येऊ द्या, उगाच कोणाच्या दारात जाऊन तोंडघशी पडू काय. रविवारी त्याले सुट्टी होती. मी दिवसभर मागच्या फाटकात उभी राहून पाह्यलं. गाडी पुसत होता.

वाईट वाटून घेऊ नको, पण लपवून काय करू? जीव लहान करू नको, मी आहे.
तुही आत्या,
नीलाबाई

आरोग्य उपकेंद्र, ता. एटापल्ली
३० नोव्हेंबर

आदरणीय आत्याबाई यांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

काल नेट आलं. सुकरीबाईचा अंगठा पहिल्याच वेळी लागला, सगळ्या गावाले दाखवत फिरली. माझ्या मोबाईलवर कुलदीपचे सगळे मेसेज एकदम पडले. आधी ‘रागावली काय’, मग ‘ठीक आहे, तुमची मर्जी’. मी वाचल्याची टिक निळी झाल्याबरोबर लगेच आलं, ‘आता खात्री पटली, पौर्णिमा पक्की समजू का’.

मी नाई म्हणून कळवलं. फोन न करता पत्रच लिहून राह्यली, कारण बोलताना रडली असती. तशी रात्री रडलीच. माणूस वाईट नाई तो, तुम्ही त्यायच्याशी बोलणं तोडू नका.

याआधीची चारही पत्रं सुनिलभाऊच्या गाडीनं गेली-आली. ते सांगत होते, या महिन्यात चंद्रपुराहून येताना गाडी अर्धी रिकामीच येत होती.

पौर्णिमेले तुम्हीच या, कोंबडा अजून आहे. माया राहू द्यावी.
आपली,
साक्षी