लाल दोऱ्याचा ब्रश

प्रिय गुणगुण्या,

‘प्रिय’ ही शाळेत लागलेली सवय, तिच्यावर जाऊ नकोस. पेडलवर पाय ठेवला की आपलं वेल्डिंगचं मशीन बाटलीत भुंगा कोंडल्यासारखं घुमायचं आणि त्याच्या सुरात तू गुणगुणायचास, तेही बेसूर. तो आवाज आज सकाळी कानात परत आला. शेजारच्या सुताराने तू पाठवलेला ॲल्युमिनियमचा तुकडा माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा. सोबत ना चिठ्ठी, ना निरोप. इतक्या वर्षांनी तोंड उघडलंस, तेही मुक्याने.

तुकडा खिडकीत उजेडाला धरला. जोडाची सुरुवात काळवंडलेली. वेल्डिंगची टॉर्च आडवी पाडलीय, आर्कची ज्योत लांब धरलीय. मधल्या लहरी मात्र सुरेख, तळ्यावरून पहाटेचा वारा सरकावा तशा. क्षणभर मी तुला विसरलोसुद्धा. मग शेवटचा खड्डा दिसला आणि त्यात चांदणीसारखी फुटलेली चीर. पेडलवरून एकदम पाय उचलल्याची खूण. ही तुझीच शिकवण. तू कामावरूनही असाच उठलास आणि मैत्रीतूनही. मागे काय तडकलं ते वळून बघायची तुझी रीत नाही.

दुधाची टाकी आठवते? नसेल, तुझ्या सोयीची नाही ना ती आठवण. ॲल्युमिनियम घासायचा तारेचा ब्रश वेगळा ठेवायचा, तो लोखंडाला लावायचा नाही, हा आपल्या दुकानाचा एकुलता एक कायदा. ओळख पटावी म्हणून मी त्याला लाल दोरा बांधायचो. तू त्याच ब्रशने लोखंडी गेट घासलंस आणि साळसूदपणे जागेवर ठेवलास. मग त्यानेच टाकी घासून मी जोड केला आणि लोखंडाच्या कणांपायी तो पाझरला. गिऱ्हाइकासमोर तू काय म्हणालास? “मास्तर कविता म्हणत बसले होते, लक्ष कुठे होतं त्यांचं?” सगळे हसले. माझी लेकही हसली. घरी आल्यावर म्हणाली, “बाबा, काका खरं तेच बोलले,” आणि तू नवं दुकान थाटलंस तेव्हा तुझ्याच हाताखाली शिकायला गेली. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. टाकी गळली त्याचं दुःख मी केव्हाच विसरलो, लेका. ते हसू विसरलो नाही.

तुकडा तुझा नाही, हे पहिल्या नजरेतच ओळखलं होतं. जोड डावीकडून उजवीकडे गेलाय, म्हणजे डावऱ्या हाताचा. तुझ्याकडे माझ्या लेकीशिवाय डावखुरं कोण आहे? गुरुवारी तिची वेल्डिंगची परीक्षा आहे, हे सुताराकडूनच कळलं. नापास झाली तर टाक्यांच्या कारखान्यातली जागा गेली. शेवट करणं तुला उभ्या जन्मात जमलं नाही आणि तिच्यापुढे तसं कबूल करायची छाती नाही. म्हणून तुकडा गुपचूप इकडे.

आणि म्हणूनच हे पत्र. तुझ्यासाठी शाई वाया घालवली नसती. पुढचं तिला तुझ्या तोंडाने सांग, माझं नाव घेतलंस तर बघ. टॉर्च जवळजवळ उभी, आर्क आखूड. ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन सावध करत नाही. आरशासारखं चकाकलं की जोडाची तार द्यायची, रेंगाळलं की सगळंच कोसळतं. शेवटी पाय उचलायचा नाही, हळूहळू सैल करायचा. तारेचा एक थेंब जास्त देऊन खड्डा भरायचा आणि आर्क विझल्यावरही टॉर्च तिथेच धरून गॅस वाहू द्यायचा. शाळेत आमच्या मराठीच्या बाई म्हणायच्या, कवितेची शेवटची ओळ गिळू नका रे, तिच्यासाठीच तर वरच्या ओळी आहेत. हे मात्र सांगू नकोस. पुन्हा हसेल.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. सुतार आपली विसरलेली पट्टी न्यायला आला असेल म्हणून उघडलं, तर लेक. “माझा तुकडा तुमच्याकडे कसा? द्या तो.” उंबऱ्याबाहेरूनच. सुतार तिच्याकडे बोलला असणार. म्हणजे तू तिला विचारलंही नव्हतंस, चोरा. मी दिला नाही. आधी आत ये म्हटलं. आली आहे, फुरंगटलेलीच, आत नळावर हात धुतेय. पिशवी खुर्चीवर टाकलीय, तिच्यातून ब्रशचा दांडा डोकावतोय. दांड्याला लाल दोरा आहे. तुझ्या दुकानात लाल दोरा कधी नव्हता, गुणगुण्या. तेव्हा वरचं तू काही सांगू नकोस, मीच सांगतो. पत्र तरी टाकतोच, शिव्या फुकट का घालवायच्या?

तुझाच, पण लांबूनच,
मास्तर