बासष्ट सेंटिमीटर

ता. ३ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयांसाठी चाळीस निर्जंतुकीकरण यंत्रांची निविदा निघाली आहे. यंत्राची रुंदी बासष्ट सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, अशी तिच्यात अट आहे. आपल्या कारखान्याचे यंत्र एकाहत्तरचे. अटीत बसणारे यंत्र सबंध बाजारात एकच कंपनी बनवते. अट लिहिणारा तिला विकला गेला होता, अशी मी हरकत नोंदवली आहे, गुरुवारी सुनावणी. हे काम गेले तर अकरा कारागिरांना घरी बसवावे लागेल. तुम्ही तीस वर्षे त्याच खरेदी कार्यालयात होतात. तो माणूस कोण, एवढे कळवा. माझ्या चुका नंतर मोजा.

लोभ आहेच, या खेपेस थोडा जास्त लागेल.

तुमची नात,
खटपटी

ता. ५ जून

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

चुका दोनच सापडल्या: एक शुद्धलेखनाची, दुसरी माणूस ओळखण्याची. ती अट मी लिहिली.

एकतीस वर्षांपूर्वी मोठ्या रुग्णालयाने मागवलेले यंत्र दारातून आत जाईना. दोन महिने ते व्हरांड्यात ताडपत्रीखाली पडून होते. मी स्वतः फीत लावून दार मोजले. पासष्ट भरले, हात घालण्यापुरते तीन सोडले. पुढे ती इमारत पाडली, परंतु माझे वाक्य प्रत्येक निविदेत जसेच्या तसे उतरवले गेले. कंपनीने त्या मापाने यंत्र बेतले, इतकेच.

आरोप मागे घे. अन्यथा ते आरोपालाच उत्तर देत बसतील आणि रुंदी तशीच राहील. आजची दारे किती रुंद, एवढेच विचार. माझे निवेदन सोबत आहे. तू माझी नात आहेस, हेही त्यात नमूद केले आहे.

प्रकृतीस जप आणि जिभेसही.

तुझे आजोबा

ता. ११ जून

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

आरोप मागे घेताना माझा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, असे आपला फिटर सर्वांना सांगत सुटला आहे. सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी तुमचे निवेदन वाचून खात्याच्या अभियंत्याला रुग्णालयांच्या दारांची मापे विचारली. त्याला ठाऊक नव्हती. फोनवरून मागवली, तर सर्वांत अरुंद दार एकशे दहा निघाले. अट रद्द झाली. आता सामना ती कंपनी आणि आपण, एवढ्यांतच. तुमच्या आणखी काही अटी यात शिल्लक आहेत काय, असे बाईंनी विचारले आहे. सावकाश कळवा, घाई नाही.

तुमची,
खटपटी

ता. १३ जून

चि. खटपटीस,
अ. उ. आ.

बाईंना आजच कळवले. पाणी भरण्याचे झाकण यंत्राच्या माथ्यावरच असावे, ही अटही माझीच. त्या जुन्या इमारतीत यंत्राच्या खोलीतला नळ उंचावर होता. दार गेले तसा तो नळही गेला. ही अट निघाली की आणखी तीन कारखाने पुढे येतील, हे मी जाणतो. येऊ देत. तुझे यंत्र मी चालताना पाहिले आहे. त्याला माझ्या वाक्यांचा टेकू लागणार नाही.

माया आहेच, ती निविदेला जोडता येत नाही.

तुझे आजोबा