एका फाटकावर दोन सह्या

तीर्थस्वरूप दादास,

वाकून नमस्कार (कंबरेने परवानगी दिली तेवढाच). तुझा रक्तदाब आणि वहिनीचा स्वभाव, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठणठणीत, डोकं मात्र ठिकाणावर नाही. सकाळपासून चार वेळा हे पत्र लिहायला बसले आणि चार वेळा उठून खिडकीतून इमारतीचं मागचं फाटक बघून आले.

तर त्या फाटकाचंच ऐक. पहिल्या मजल्यावरच्या व्हायोलिनमास्तरांची सायकल चोरीला गेली. (चोराने व्हायोलिन नेलं असतं तर सगळ्या इमारतीने दुवा दिला असता.) दुसऱ्याच दिवशी आमचे सेक्रेटरी कागद घेऊन दारात हजर. प्रश्न काय, तर आपल्या घराची आणि मुलाबाळांची सुरक्षितता आपल्याला हवी आहे का? आता याला 'नको' कोण म्हणेल? मी सही ठोकली, तीही शाळेत सिस्टरांनी छडीच्या धाकाने घोटून घेतलेल्या वळणदार अक्षरात. चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. त्यांचा कागद विचारत होता, वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावणं माणुसकीला धरून आहे का? मी संतापून 'मुळीच नाही' लिहिलं, सही केली आणि खाली दोन रेघा ओढल्या. दोन्ही कागद त्या एकाच फाटकाचे होते, हे मला सभेत कळलं. सेक्रेटरींच्या प्रश्नाखाली बारीक अक्षरात फाटक कायमचं बंद करायचा ठराव होता, आणि मी त्याची अनुमोदक! अठ्ठावीस वर्षं कोर्टात टंकलेखन केलं, प्रश्न कसा घातला की साक्षीदार कसा घसरतो हे रोज स्वतःच्या बोटांनी उतरवून घेतलं, आणि शेवटी घसरले ती घरच्या उंबरठ्यावर.

सभेचं तर विचारूच नकोस. सेक्रेटरी 'चोर' म्हणाले की हात वर, दंतवैद्य 'शेजारी' म्हणाले की तेच हात पुन्हा वर. तळमजल्यावरच्या आजींनी दोन्हीकडे हात केला, आणि मधेच कुणीतरी "आग लागली तर पळणार कुठून?" विचारल्यावर तिसऱ्यांदाही. (त्यांना हसायला मला तोंड नव्हतं.) अखेर चिठ्ठ्या टाकल्या. अकरा बंदच्या, अकरा उघड्याच्या. एका घराचं मत यायचं आहे, तोवर फाटकाला 'तात्पुरतं' कुलूप.

या सगळ्या गदारोळात शिंपीणबाईंचं नाव एकानेही काढलं नाही. त्या मागच्या गल्लीत राहतात. बारा वर्षं रोज चार वाजता त्या फाटकातून माझ्याकडे चहाला येतात. फाटकातून चाळीस पावलं. मोठ्या रस्त्याने वळसा घालून पाऊण तास, तोही त्यांच्या त्या गुडघ्यांनी. नऊ दिवस आल्या नाहीत. परवा माझे उशीचे अभ्रे फाटकाच्या गजांमधून आत सरकवत म्हणाल्या, "बाई, मी आता सुरक्षेचा प्रश्न झालेय म्हणे. मी तर नुसते अभ्रे शिवते हो!" मी म्हटलं, उद्यापासून चहा गजांतून देते. त्या म्हणाल्या, "कप जाईल, बशी अडकेल." दोघी हसलो. मग त्या भिंत धरधरून परत गेल्या, आणि मी अभ्रे छातीशी धरून तिथेच उभी राहिले.

(आत्ता पुन्हा उठून बघून आले. कुलूप तसंच आहे.)

वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण

ता. क. : यायचं राहिलेलं ते मत तुझं आहे. दुसऱ्या मजल्यावरचं बंद घर अजून तुझ्या नावावर आहे, याची सभेला आठवण मीच करून दिली. सोबत कागद जोडला आहे. त्या दोघांचे प्रश्न लबाड, म्हणून तुझ्यासाठी मी एक सरळ, निःपक्षपाती प्रश्न टाईप केला आहे : आपल्या एकुलत्या एक बहिणीने उरलेलं सगळं आयुष्य दुपारचा चहा भिंतीकडे बघत एकटीने प्यावा, असं आपल्याला वाटतं का?

आणखी एक : 'नाही' हे उत्तरही मीच टाईप केलं आहे, तू सही तेवढी कर आणि आजच्या आज पाठव. वहिनीला मात्र दाखवू नकोस. ती "आणि सायकलचं काय?" एवढंच विचारेल, आणि तेवढ्यावर तू फिरशील.