मंगळवारचं कारण

सोमवार, ता. ८ सप्टेंबर

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि वरच्या मजल्यावरच्या बाईंशी तुझं भांडण मिटलं असेल, असं धरून चालते. मिटलं नसेल तर मी तुझ्या बाजूने. इकडे सगळे ठीक. हे बरे आहेत. सासूबाईंची भूक चांगली आहे आणि आवाज त्याहून चांगला आहे. लेकीचा वसतिगृहातून आठवड्याला एक फोन येतो, तोही बापाला.

आई गेल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, आपलं पत्र नाही. त्यामुळे तू आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर आमचा एकुलता एक फोन लाँड्रीच्या काउंटरवर असतो. बोलणार मी आणि ऐकणार हे, सासूबाई आणि पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक.

बातमी अशी की तुझी बहीण या वयात वर्गात जाऊन बसते! मार्चमध्ये मी आरोग्य केंद्रात सासूबाईंची औषधं आणायला गेले होते. तिथल्या सिस्टरनी मलाच धरलं, कंबरेला टेप लावली, आईला काय होतं ते विचारलं आणि रक्त काढून घेतलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सहा पूर्णांक एक निघाली. सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. आत यायचं नाही, मागे फिरायचं." त्यासाठी सहा महिन्यांचा गट आहे. दर मंगळवारी चार ते सहा. काय खायचं, किती चालायचं, सगळं तिथे शिकवतात. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. ह्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "डॉक्टरांनीच लिहिलंय म्हटल्यावर जायलाच हवं." कागद भिंतीला टाचणीने लावलाय.

गटात आम्ही नऊ जण. एक बस ड्रायव्हर, एक निवृत्त मास्तर, दोघी जावा (एकमेकींशी बोलत नाहीत, पण शेजारीशेजारीच बसतात), बाकी माझ्यासारखेच. पहिल्या आठवड्यात सगळ्यांना पावलं मोजायचं यंत्र दिलं होतं. ड्रायव्हरची दिवसाची पावलं नऊशे, माझी अकराशे. ते म्हणाले, "मी तर दिवसभर बसलेला असतो. तुम्ही कुठे बसता?" मी कुठे बसते गं? सकाळी सातपासून इस्त्रीपुढे उभी असते. मागे दोन खोल्या, पुढे दुकान, मधे पडदा. उभं राहण्याची पावलं होत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटचा अर्धा तास आम्ही केंद्रामागच्या पाण्याच्या टाकीभोवती फिरतो. मास्तर पुढे, आम्ही मागे. काय काय बोलतो म्हणून सांगू! ड्रायव्हर नकला करून दाखवतात. परवा मी इतकी हसले की सिस्टर म्हणाल्या, "लाँड्रीवाल्या, श्वास घ्या." मला तिथे लाँड्रीवाल्या म्हणतात. मला आवडतं.

जेवणाची वही लिहायची असते. माझी वही सगळ्यात नीटनेटकी, म्हणून सिस्टर ती गटाला वाचून दाखवतात. मधल्या तपासणीत, जूनमध्ये, मी पाच पूर्णांक आठवर आले, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. बघू काय होतं ते.

एक विचारायचं होतं. आईची साखर अगदी सुरुवातीला किती होती गं? गोळ्या लागण्याआधी? आणि तिथपासून डोळे जाईपर्यंत किती वर्षं गेली? सहज विचारतेय. गटात अशी माहिती विचारतात.

उद्या जाताना पत्र पेटीत टाकते. सासूबाई हाक मारताहेत. दर दहा मिनिटांनी मी कुठे आहे ते त्यांना कळावं लागतं, नाहीतर त्या उठतात आणि पडतात.

तुझी,
धाकटी


सोमवार, ता. २९ सप्टेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. "सहज म्हणून असलं कुणी विचारत नाही. काय झालंय?" एवढंच लिहिलंस आणि खाली आईचे आकडे. ते वाचून मी पडद्यामागे जाऊन रडले. मग सासूबाईंना सांगितलं की ताईचा गुडघा दुखतोय. तुझा गुडघा माझ्या फार कामाला येतो.

आता सरळ सांगते. माझा निकाल आला. सहा पूर्णांक नऊ. साडेसहाच्या वर मधुमेहच. सिस्टर कागदाकडे बघतच राहिल्या. "असं होणारच नाही. तुमची वही मी स्वतः वाचते. प्रयोगशाळेचीच चूक असणार." उद्या पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय.

चूक प्रयोगशाळेची नाही, ताई. मी साखर खात होते.

तुला वाटेल जिभेवर ताबा नाही. तसं असतं तर मी तुला हसत हसत सांगितलं असतं. मला गोड आता नकोसं झालंय. जूनपासून रोज दुपारी हे जेवायला बसले की मी हँगरवरच्या कोटांच्या मागे उभी राहून चार-पाच चमचे नुसती साखर खाते आणि वर पाणी पिते. संध्याकाळी पुन्हा. वजन वाढू नये म्हणून जेवण कमी केलं. वहीत मात्र सगळं जिथल्या तिथे.

कारण ऐक. जूनमध्ये टाळ्या वाजल्यावर सिस्टरनी नियम सांगितला होता. सहा महिन्यांनी ज्यांचा आकडा पाच पूर्णांक सातच्या खाली येईल, त्यांची सुट्टी. जे अजून मधेच असतील, ते पुढच्या गटात आणखी सहा महिने. सुट्टी म्हटल्यावर सगळे खूश झाले आणि मी उरलेले मंगळवार मोजायला लागले. मी पाच-आठवर होते. आणखी थोडी शहाण्यासारखी वागले असते तर माझे मंगळवार संपले असते. भिंतीवरचा कागद खाली आला असता आणि हे म्हणाले असते, "झाली ना बरी? छान झालं." मग सासूबाईंची औषधंही हेच घेऊन आले असते. ह्यांना वाटतं ते माझी दगदग वाचवतात.

मला फक्त सहा हवा होता गं. सहा किंवा सहा-एक. भाजीत मीठ घालतो तसं थोडं थोडं घालू, असं मी ठरवलं होतं. पण मिठाची चव तरी बघता येते. याची चव तीन महिन्यांनी कळते. मी अंदाजाने घालत गेले आणि घालतच गेले, कारण मला भीती एकाच बाजूची वाटत होती. खूप चालते आहे, म्हणजे आकडा खालीच येणार, असंच वाटायचं.

आणि आता तर मी गटातूनच बाहेर. मधुमेह झाला की आपण त्यांचे राहत नाही. मग गोळ्यांची खिडकी. महिन्यातून एकदा, आणि घरचं कुणीही जाऊन आणू शकतं.

सिस्टर आणखी एक बोलल्या. त्या म्हणाल्या, "पुढच्या गटाला सोबत करायला मी तुमचं नाव दिलं होतं. आकडा खाली आलेल्यांतूनच घेतात." म्हणजे चांगली वागले असते तर मी जातच राहिले असते. मी कधी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मला यायचंय हे दिसलं असतं, आणि घरी ते दिसू नये म्हणून मी इतकी वर्षं जपत आलेय की बाहेरही विचारायचं सुचत नाही.

तुलाच हे का सांगतेय, ते तुला कळलं असेल. तू अकरा वर्षं आईचं केलंस. तिच्या पायाची जखम रोज दोनदा धुतलीस, तिला हाताने घास भरवलेस. आणि मी तोच आजार चमच्या-चमच्याने घरात आणला. तुझी माफी मागायलाही मला तोंड नाही. तरी मागते.

आणि ते दुसरंही बोलते, नाहीतर हे पत्रही वहीसारखंच होईल. आईच्या शेवटच्या दिवसांत मी आले नाही. लग्नसराईची गर्दी आहे, असं तुला कळवलं होतं. गर्दी होती, पण ते कारण नव्हतं. मी ह्यांना एकदा विचारलं. हे म्हणाले, "माझ्या आईजवळ कोण थांबेल? कपडे कोण देईल?" ओरडले नाहीत. नुसतं विचारलं. मी इस्त्री हातात घेतली. तुला एकटीला सगळं करायला लावून मी इथे लोकांच्या शर्टांच्या कॉलर सरळ करत होते. तू चार वर्षं बोलली नाहीस ते बरोबर केलंस.

उद्या हे माझ्यासोबत येणार आहेत. लग्नाला बावीस वर्षं झाली, दुकान भर दिवसा कधी बंद झालं नाही, उद्या बंद ठेवणार आहेत. सासूबाईंजवळ शेजारच्या शिंपीणबाई बसतील. निकाल ऐकल्यापासून हे रात्री दोनदा उठून मला पाणी हवं का विचारतात. इतका भला माणूस आहे, ताई. वाईट असता तर सोपं गेलं असतं. सिस्टर विचारतील, "खरं सांगा, काय खात होतात?" आणि हे शेजारच्या खुर्चीवर बसलेले असतील. खरं सांगायचं तर ह्यांच्या तोंडावर सांगावं लागेल की तुमच्या घरातून आठवड्याला दोन तास बाहेर पडता यावं म्हणून मी दुखणं वाढवलं. आणि गप्प बसले तर उद्यापासून सगळे मिळून माझी काळजी घेतील आणि मी पुन्हा कधी बाहेर पडणार नाही.

काय करीन, मला अजून माहीत नाही. मास्तर संध्याकाळी कोट न्यायला येतील, त्यांच्याबरोबर पत्र पाठवते.

तुझी अपराधी,
धाकटी


बुधवार, ता. १ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार. मी सांगितलं.

रक्त काढून झालं होतं, कापूस दाबून बसले होते. सिस्टरनी काही विचारायच्या आतच मी बोलायला लागले. साखर, कोट, खोटी वही, सगळं. सिस्टरनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "अहो, मला म्हणायचं तरी होतं." आणि शेजारी हे आहेत हे बघून त्यांनी पुन्हा पेन उचललं.

नाव गटात राहणार नाही, तो नियमच आहे. पण निघताना सिस्टर ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "टाकीभोवती फिरायला नाव लागत नाही. आत्ताच सुरुवात आहे. नीट चालल्या, नीट जेवल्या तर आकडा अजून मागे येतो, पुष्कळांचा आलाय. नुसत्या गोळ्यांवर सोडू नका." हे मान हलवत राहिले.

घरी आलो. ह्यांनी शिंपीणबाईंना निरोप दिला, सासूबाईंना पाणी दिलं, शटर वर केलं. मग काउंटरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मला सांगायचंस ना. मी काय नाही म्हटलं असतं?"

मी म्हणाले, "तुम्हीच सांगा. डॉक्टरांचा कागद नसता, मला काही झालेलं नसतं आणि मी म्हटलं असतं की मला मंगळवारी दोन तास नुसतं बाहेर जायचंय, लोकांत बसायचंय, तर पाठवलं असतं?"

ताई, हे पटकन हो म्हणतील अशी माझी तयारी होती. त्यावर काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण हे बसून राहिले. खरंच विचार करत होते, चेहऱ्यावर दिसत होतं. मागून सासूबाईंनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला मी "इथेच आहे" म्हणाले. तेव्हा ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "नाही. नसतं पाठवलं."

मला राग यायला हवा होता. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की हे माझ्याशी बोलले. त्यानंतर गिऱ्हाईक आलं आणि आम्ही दोघं कामाला लागलो. पुढच्या मंगळवारचं मी विचारलं नाही आणि ह्यांनीही काढलं नाही. आज दिवसभर ते माझ्या नजरेला नजर देत नाहीत आणि मी त्यांच्या.

गोळ्या काल संध्याकाळीच सुरू झाल्या. आणायला हेच गेले.

हे पत्र पेटीत टाकायलाही हेच जातील. वाचणार नाहीत, तेवढं आहे. तुला यायला जमेल का, असं विचारणार होते, पण चार वर्षांनी मी कोणत्या तोंडाने विचारू? तरीही विचारते. ये. कधीही ये, कळवू नकोस. मी घरी असेन का, हा प्रश्नच नाही.

तुझी,
धाकटी