ऐरणीवरचे दोन ठोके

अहो,

तुमचं नाव लिहायला हात धजला नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतलं नाही, आता कागदावर कुठं घेऊ? तुम्हाला वाचता येत नव्हतं, हेही मला ठाऊक आहे. लेकीचं पत्र असो की पाकिटावरचा पत्ता, वाचून मीच दाखवायची. आता हे कोण दाखवणार? तरी लिहिते. दिगंबररावांचा फाळ आज दुपारी पुरा झाला. तो अर्धा टाकून तुम्ही गेलात, तेव्हा तुम्हाला कळवायला नको का?

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मी रडले नाही. तुमची बहीण सगळ्यांदेखत म्हणाली, "हिचं काळीज लोखंडाचं हाय." मी तिला चहा करून दिला. काय बोलायचं? लोखंड बरं, तापवलं की मऊ तरी होतं.

लग्नानंतर पाचव्या दिवशी तुमच्या आईनं माझ्या हातात घण दिला होता. कुणाच्या सासूनं पाटल्या दिल्या, माझ्या सासूनं घण! फोड आले तेव्हा तुम्ही हळद लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घण दिलात. मला राग आला होता, पण सांगितला नाही.

कामाची भाषा मात्र तुम्ही एका सकाळीत शिकवलीत. एका हातात सांडशीनं धरलेलं लाल लोखंड, दुसऱ्या हातात तुमची बारकी हातोडी. ती लोखंडावर जिथं टेकेल तिथं मी घण घालायचा. ऐरणीच्या कडेवर तिचे दोन ठोके पडले, टिण टिण, की थांबायचं. म्हणजे लोखंड गार झालं, भट्टीत घाला. "बाकी बोलायचं काम न्हाई," म्हणालात. सव्वीस वर्षं ते आपण पाळलं. आपल्यात भांडणसुद्धा धड झालं नाही हो. मी तोंड उघडलं की म्हणायचात, "आगं, लोखंड गार होयलंय."

पेडगावात पहिला ट्रॅक्टर आला तेव्हाची गोष्ट आठवते? त्याच्या नांगराचा फाळ तुम्ही बैलाच्या नांगरासारखाच लालभडक करून सगळाच्या सगळा पाण्यात बुडवलात. रानात दुसरं तास धरताच फाळ पापडासारखा मोडला. लोक हसले. तुम्ही तसेच चालत पेडगावला गेलात, ढेकळांतून तुकडा शोधून आणलात आणि कोनाड्यात ठेवलात. आठ दिवस जेवणात तुमचं लक्ष नव्हतं. मग एका दुपारी नुसतं टोक पाण्यात धरलंत, बाहेर काढून घासलंत आणि त्यावर रंग कसा चढतो ते बघत बसलात. पिवळा आला, जांभळा दिसायला लागला, तेव्हा पुरा बुडवलात. "हे लोखंड येगळं हाय. ह्याला तहान बघून पाणी द्यावं लागतं." इतकं लांब वाक्य तुम्ही त्या वर्षात दुसरं बोलला असाल असं मला वाटत नाही.

आणि तुमच्या तोंडात मला पाणी घालता आलं नाही.

त्या दिवसाचं आता लिहिते. दिगंबररावांच्या पलटी नांगराचा फाळ दगडावर आपटून टोक मागं वळलं होतं. आपण ते सरळ करत होतो. सहा-सात घाव झाले असतील. तुम्ही ऐरणीवर दोन ठोके दिलेत, टिण टिण. मी थांबले.

लोखंड लाल होतं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. दिराला नाही, लेकीलाही नाही. लोखंड चांगलं लाल होतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाटलं, तुमची नजर कमी झाली. वर मी चिडून बोललेसुद्धा, "म्हातारे झालाव, लाल काय न् काळं काय दिसंना तुमाला!" तुम्ही काही बोलला नाहीत. तुम्ही कधी बोलायचात? मी सांडशी घेतली, फाळ भट्टीत घातला, तुमच्याकडं पाठ करून भाता ओढायला बसले. किती वेळ ओढला, कुणास ठाऊक. पुढचे ठोके पडेनात म्हणून वळून बघितलं. तुम्ही मेढीच्या खांबाला टेकून बसला होतात, हातोडी मांडीवर.

तुम्ही मला थांब म्हणत होतात. मी लोखंडाचं ऐकलं.

त्या गडबडीत फाळ भट्टीतच राहिला आणि त्याचं टोक जळालं. जळालेलं पोलाद भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखं होतं, ठाऊक आहे ना? तुमच्या हातून मोडला तो एकच फाळ, माझ्या हातून जळाला तो हा.

तेरावं झाल्यावर भाऊजी म्हणाले, "वैनी, ऐरण मानवतच्या वेल्डिंगवाल्याला देऊन टाकू. तुमी जालन्याला चला आमच्याकडं." मी म्हटलं, भट्टी मी चालवीन. ते हसले नाहीत, उलट घाबरले. "बाईमाणसानं घण मारावा, ते ठीक हाय. हातोडी कशी धरंल? लोक काय म्हणतील?" बघा म्हणजे! खांदे निखळवणारा घण बाईनं उचललेला चालतो, आणि पावशेराची हातोडी उचलली की घराण्याची इज्जत जाते. मी म्हटलं, हा एक फाळ करू द्या. मोडला तर ऐरण न्या. ते कबूल झाले.

दिगंबरराव काल आले होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून परभणीचा बाजार बंद, नवा फाळ मिळेना, अर्धं रान नांगरायचं राहिलेलं. जळालेलं टोक बघून त्यांना धक्का बसला. मी म्हटलं, "दादा, उद्या करून देते. पर घण मारायला माणूस न्हाई माझ्याकडं."

"मी हाय की!" म्हणाले.

आज सकाळी खरंच आले. सदरा काढून खुंटीला लावला, धोतराचा काचा मारला. पन्नाशीचा जमीनदार माणूस, पोट पुढं, हातात तुमच्या घराण्याचा घण! तुम्ही असतात तर मिशीत हसला असतात. पहिला घाव त्यांनी ऐरणीवरच घातला. दुसरा माझ्या सांडशीवर. भाऊजी दारात उभे राहून बघत होते.

मी छिन्नी धरून जळालेला भाग तोडून घेतला. मग उरलेलं ताणत आणलं. तुमची हातोडी हातात घेतली तेव्हा कळलं, दांड्यात तुमच्या अंगठ्याचा खळगा पडला आहे. माझा अंगठा त्यात मावला आणि थोडी जागा उरली. मला काही वाटलं नाही. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. टेकव, घाव. टेकव, घाव. काम होत होतं.

मग टोक निघालं. तुम्ही काढायचात तसंच, जरासं खाली झुकलेलं. ते बघितलं आणि माझा हात गळून गेला. दुखत नव्हता, नुसता माझा राहिला नाही. नकळत मी ऐरणीवर दोन ठोके दिले. टिण टिण.

दिगंबररावांनी घण वरच धरला. फाळाकडं बघितलं. म्हणाले, "लाल हाय की अजून!"

आणि मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. घण खाली ठेवला. "काय होयलंय वैनी? बसा. बसा आधी." स्वतः माठातलं पाणी आणून दिलं.

अहो, परका माणूस. घण धरायचीही अक्कल नाही. त्याला दोन ठोक्यांचा अर्थ आजच कळला होता. त्यानं लोखंड बघितलं आणि मग माणूस बघितला. मला सव्वीस वर्षांत ते का जमलं नाही? आणि तुम्ही तरी! एकदा तोंडानं म्हणायचं होतं, "चंद्रकला, मला कसंतरी होयलंय." लोखंड गार झालं असतं तर झालं असतं.

पाणी पिऊन मी उठले. फाळ पुन्हा तापवला, नुसतं टोक बुडवलं, घासलं, पिवळा गेला, जांभळा येताना पुरता बुडवला. दुपारी दिगंबररावांनी दगडाच्याच पट्ट्यात मुद्दाम चार तासं मारली. भाऊजी नांगरामागं चालत गेले होते. परत आल्यावर त्यांनी ऐरणीवरची राख पंच्यानं पुसली आणि जालन्याची गाडी धरायला एकटेच गेले.

ऐरण इथंच आहे. उद्यापासून शेजारची सुमन घण मारायला येते म्हणाली, तिच्या सासरच्यांनी हो म्हटलं आहे. काम तिला तुमच्याच रीतीनं शिकवीन. फक्त एक गोष्ट बदलणार आहे, रागावू नका. ऐरणीवर दोन ठोके पडले, की तिनं आधी माझ्या तोंडाकडं बघायचं आणि मी तिच्या. लोखंड नंतर. गार झालं तर होऊ दे, पुन्हा तापवू.

तुमची,
चंद्रकला